शिक्षा झाली, तरी दार बंद होत नाही



आज मी तुम्हांला तुरुंगातल्या माणसांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही साधी माणसं. शेत, गुरं, मजुरी यांतून आम्हांला उसंत नाही. तुरुंगाशी आमचा काय संबंध?"

संबंध आहे. तुरुंगातली माणसे आभाळातून पडलेली नाहीत. ती तुमच्या-आमच्यासारख्या गावांतून, वाड्या-वस्त्यांवरून, पालांतून तिथे गेलेली आहेत. त्यांतले पुष्कळजण अपराधी आहेत. अपराध्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण कधी कधी सुक्याबरोबर ओलेही जळते. ज्याने काही केले नाही, तोही आत जातो. त्याला शिक्षा होते. मग घरची माणसे कपाळाला हात लावून म्हणतात, "कोर्टानं निकाल दिला. आता संपलं."

मला आज एवढेच सांगायचे आहे, की तिथे संपत नाही. शिक्षा झाल्यावरही वरच्या कोर्टात दाद मागता येते. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. ती भीक नव्हे, तो हक्क आहे.

आधी आपल्याच महाराष्ट्रात घडलेली एक हकीकत ऐका.

2003 सालचा जून महिना. नाशिक भागात एका शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या घरातली आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. सारा मुलूख हादरला. पोलिसांनी पुढे सहा जणांना धरले. ते सहाही जण भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले. आज इथे तर उद्या तिथे. ना घर, ना जमीन, ना ओळखीचा कोणी मोठा माणूस.

खटला चालला. 2006 साली नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सांगितली. 2007 साली मुंबईच्या हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. 2009 साली तिथे सहाही जणांना फाशी सांगण्यात आली. सुप्रीम कोर्ट म्हणजे सगळ्यांत वरचे कोर्ट. त्याच्या वर दुसरे कोर्ट नाही. कोणीही म्हणाले असते, की आता या माणसांचे काही खरे नाही.

पण कायद्यात आणखी एक वाट आहे. सुप्रीम कोर्टाने दिलेला निकाल त्याच कोर्टाला पुन्हा तपासून पाहायला सांगता येतो. त्याला पुनर्विलोकन म्हणतात. त्या वाटेने अर्ज झाला. 2018 साली कोर्टाने आपला जुना निकाल बाजूला ठेवून सारे प्रकरण पुन्हा ऐकायचे ठरवले. तीन न्यायमूर्तींनी कागद नव्याने वाचले. कागदांत काय निघाले? वाचलेल्या त्या आईला घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी संशयितांचे फोटो दाखवले होते. तिने त्यांतून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे वेगळीच होती! या सहांपैकी कोणीही त्यांत नव्हता. त्या चौघांवर खटलाच भरला नाही, आणि ही गोष्ट फिर्यादी पक्षाने कोर्टापुढे धडपणे आणली नाही.

5 मार्च 2019 रोजी सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम महाराष्ट्र सरकारला केला. तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करावी आणि त्या चार माणसांबाबत पुढे तपास करावा, असेही सांगितले.

मंडळी, जरा हिशेब करा. 2003 ते 2019. सोळा वर्षे! पकडले तेव्हा ती माणसे पंचवीस-तीस वर्षांची होती. त्यांतला एक तर अठरा वर्षांचाही झालेला नव्हता. उमेदीची सारी वर्षे गजाआड गेली. गळ्याभोवती दोर आहे या भीतीत त्यांनी रात्री काढल्या. इकडे त्यांची पोरेबाळे वाऱ्यावर पडली. पाच लाखांत सोळा वर्षे परत येत नाहीत. पण 2009 सालीच साऱ्यांनी हात टेकले असते, तर ती माणसे जिवंत राहिली नसती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या आईची माणसे मारली गेली, तिला तरी न्याय मिळाला का? नाही मिळाला. निरपराध माणूस आत गेला, की खरा अपराधी बाहेर मोकळा राहतो. म्हणून निरपराध माणसाला सोडवणे हे चोराला पाठीशी घालणे नव्हे. खऱ्या चोराचा माग सुटू नये, म्हणूनही ते करावे लागते.

आता अशी चूक होते कशी? कोर्ट पाहते ते समोर आलेल्या पुराव्यावर. पुराव्यातच खोट असली, तर निकालात खोट येते.

पहिले कारण, चुकीची ओळख. रात्रीची वेळ, घाबरलेला जीव, मिणमिणता उजेड. "हाच तो," असे माणूस मनापासून सांगतो आणि तरीही चुकतो.

दुसरे कारण, मारहाणीने घेतलेला कबुलीजबाब. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात गुन्ह्याचा पुरावा म्हणून चालत नाही, असा आपला कायदा सांगतो. पण हे गरिबाला ठाऊक नसते. तो म्हणतो, "मी कबूल म्हटलंय, आता काय बोलायचं?" आणि कोर्टात गप्प उभा राहतो.

तिसरे कारण, न वाचता केलेला अंगठा. कागदावर काय लिहिले आहे, हे ज्याला कळत नाही, त्याच्या नावावर काहीही लिहिता येते.

चौथे कारण सगळ्यांत मोठे. आरोपीच्या बाजूने नीट लढणारा वकील नसतो. साक्षीदाराला उलट प्रश्न कोणी विचारत नाही. आरोपी त्या दिवशी कुठे होता, याचा शोध कोणी घेत नाही.

या चौथ्या कारणावर इलाज व्हावा, म्हणून फुकट वकिलाची तजवीज आहे. ती एका दिवसात झाली नाही. तिच्यामागे बरीच वर्षे आहेत.

आपल्या संविधानात पहिल्यापासून लिहिले आहे, की पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. पण वकील ठेवायला पैसा लागतो. म्हणून 1976 साली संविधानात 39-अ हे कलम घातले. पैसा नाही म्हणून कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी सरकारने फुकट कायदेमदत द्यावी, असे ते कलम सांगते.

मग 1978 साली महाराष्ट्रातल्याच एका कैद्याचे प्रकरण सुप्रीम कोर्टात आले. त्याचे अपील चार वर्षांहून अधिक उशिरा झाले होते. तो म्हणाला, "मला निकालाची नक्कलच मिळाली नाही." तुरुंगाकडे नक्कल पोचली होती, पण ती कैद्याच्या हातात पडल्याची त्याची सही दाखवता आली नाही. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिले, की शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची नक्कल लवकर आणि फुकट मिळाली पाहिजे. तुरुंगाने त्याची सही घेऊन ती दिली पाहिजे. आणि अपील करायला त्याच्याजवळ वकील नसेल, तर वकील फुकट दिला पाहिजे.

1983 साली आणखी एक गोष्ट घडली. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांची विचारपूस केली. पोलिस कोठडीत त्यांतल्या काहींना मारहाण झाली, असे त्यांना कळले. त्यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले. कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानले. माणूस पकडला, की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदेमदत समितीला कळवावे, असे कोर्टाने सांगितले. पाहा, एका पत्राने केवढे काम केले! तुम्ही आता लिहायला शिकलात. पत्राचे बळ ओळखा.

1986 साली अरुणाचल प्रदेशातले प्रकरण आले. खालच्या कोर्टात वकील नसताना काही माणसांना शिक्षा झाली होती. सरकारचे म्हणणे असे, की त्यांनी वकील मागितलाच नाही. सुप्रीम कोर्टाने हे मानले नाही. गरीब, निरक्षर माणसाला आपला हक्क ठाऊकच नसतो, तर तो मागणार कसा? तुला फुकट वकील मिळतो, हे त्याला कोर्टानेच सांगितले पाहिजे. तसे सांगितले नाही, म्हणून ती शिक्षा रद्द झाली.

पुढे 1987 साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. विधी सेवा म्हणजे कायद्याची मदत. आज तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. मुंबईला राज्याचे प्राधिकरण आहे. हायकोर्टाची समिती वेगळी आणि दिल्लीला सुप्रीम कोर्टाची समिती वेगळी. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर फुकट वकील मागण्याची सोय आहे.

"ही मदत मिळते कोणाला?" असे तुम्ही विचाराल. स्त्रियांना मिळते. मुलांना मिळते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकांना, अपंगांना, कारखान्यातल्या कामगारांना मिळते. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मिळते. आणि जो कोठडीत किंवा तुरुंगात आहे, त्याला मिळते. त्याचे उत्पन्न पाहिले जात नाही. तुरुंगात असणे एवढेच कारण पुरे आहे.

आता समजा, आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसाला शिक्षा झाली. तो म्हणतो, मी हे केलेले नाही. मग काय करायचे?

पहिली गोष्ट, निकालाची नक्कल मिळवायची. कैदेची शिक्षा झालेल्याला ती फुकट मिळते. तिची जपणूक करायची. कितव्या कोर्टाने, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाच्या खटल्यात शिक्षा दिली, हे वहीत लिहून ठेवायचे.

दुसरी गोष्ट, मुदत पाळायची. पेरणीला जशी वाफ, तशी अपिलाला मुदत. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, तर सेशन कोर्टात 30 दिवसांत अपील करायचे. सेशन कोर्टाने शिक्षा दिली, तर हायकोर्टात 60 दिवसांत. फाशीची शिक्षा असेल, तर 30 दिवसांतच. हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टात जायला सर्वसाधारणपणे 90 दिवस असतात. मुदत टळली, तरी हातपाय गाळू नका. उशीर का झाला याचे खरे कारण सांगून उशीर माफ करून मागता येतो. कोर्टाला कारण पटले, तर ते अपील ऐकते.

तिसरी गोष्ट, तुरुंगातूनच अपील पाठवता येते. कैद्याने आपला अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा. तो वरच्या कोर्टाकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम आहे. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तुरुंगात कायदेमदतीचे केंद्र असते. तिथे वकील आणि विधी स्वयंसेवक येतात. कैद्याने त्यांना सांगावे, "मला अपील करायचं आहे. मला वकील हवा."

चौथी गोष्ट, घरच्यांनी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या कोर्टात जाऊन विधी सेवेचे कार्यालय विचारायचे. अर्ज साध्या कागदावर करता येतो. लिहिता येत नसेल, तर तिथली माणसे लिहून घेतात. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. त्या फोनला पैसे पडत नाहीत.

आपल्या मुंबई हायकोर्टाचे काम मुंबईखेरीज नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही चालते. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही ते सुरू झाले आहे. आपला जिल्हा कुठे जोडलेला आहे, हे जिल्हा कोर्टात सांगतील.

अपील चालू असताना शिक्षा थांबवून जामीन द्यावा, अशीही विनंती करता येते. ती दर वेळी मान्य होतेच असे नाही. पण विचारायला हरकत नाही. फुकट मिळालेला वकीलही ती विनंती करू शकतो.

इथे एक भेद समजून घ्या. अपील वेगळे आणि दयेचा अर्ज वेगळा. दयेच्या अर्जात माणूस माफी मागतो. अपिलात माणूस म्हणतो, "मला झालेली शिक्षा चुकीची आहे. पुरावा पुन्हा पाहा." ज्याने गुन्हा केलेला नाही, त्याने आधी अपिलाची वाट धरावी.

माझ्या नोकरीच्या काळातली एक हकीकत सांगतो. एका गावी मी मुख्याध्यापक होतो. तिथली एक ऊसतोड करणारी बाई एकदा शाळेत आली. तिच्या नवऱ्याला बांधाच्या मारामारीत शिक्षा झाली होती. ती म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी आम्ही दोघं तिकडं कारखान्यावर फडात होतो. कोयता हातात होता. पण कोर्टात कुणी विचारलंच नाही." निकालाचा कागद तिने पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली जपून ठेवला होता. अपिलाची मुदत टळून गेली होती, आणि हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

मी तिला म्हणालो, "नुसतं तोंडी सांगून भागायचं नाही. त्या दिवसाचा कागद हवा." ती मुकादमाकडे गेली. मुकादमाने जुन्या वह्या काढल्या. हजेरीच्या वहीत त्या तारखेला दोघा नवरा-बायकोची हजेरी निघाली. त्याच दिवसाची, त्यांनी भरलेल्या गाडीची काट्यावरची पावतीही निघाली. ते कागद घेऊन ती जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात गेली. तिच्याबरोबर शाळेतला एक मोठा मुलगा गेला होता. हायकोर्टात फुकट वकील मिळाला. उशीर माफ झाला. अपील ऐकणाऱ्या कोर्टाला जरूर वाटली, तर ते नवा पुरावाही घेऊ शकते. तसा तो घेतला गेला. वेळ लागला, पण माणूस सुटून आला.

यातून काय शिकायचे? गरिबाच्या घरचा साधा कागदही त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकतो. हजेरीची वही, एस्टीचे तिकीट, दवाखान्याचा कागद, रेशनकार्ड, शाळेचा दाखला. कोणताही कागद चुलीत घालण्याआधी वाचून पाहा.

शाळेच्या दाखल्यावरून आठवले. राजस्थानातल्या एका माणसाला पुण्यातल्या 1994 सालच्या खून-खटल्यात फाशीची शिक्षा झाली होती. सुप्रीम कोर्टापर्यंत ती कायम झाली. पुष्कळ वर्षांनी प्रश्न निघाला, की त्या वेळी याचे वय काय होते? त्याच्या गावच्या शाळेतली नोंद मिळाली. पुण्याच्या न्यायाधीशांनी चौकशी केली. घटनेच्या वेळी तो अवघ्या साडेबारा वर्षांचा होता, असे दिसून आले! मुलाला फाशी देता येत नाही. मुलांच्या कायद्याप्रमाणे त्याला फार तर तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला होता. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडण्याचा हुकूम दिला. तो निर्दोष आहे, असे कोर्टाने म्हटले नाही. पण त्याला झालेली शिक्षा कायद्याविरुद्ध होती. वयाचा हा मुद्दा कधीही काढता येतो. शेवटच्या निकालानंतरही काढता येतो.

मी जन्मभर शाळेच्या रजिस्टरात मुलांच्या जन्मतारखा लिहिल्या. आईबाप पोराला घेऊन यायचे आणि म्हणायचे, "लिहा की गुरुजी अंदाजानं. दुष्काळाच्या साली जन्मला." म्हणून तुम्हांला कळकळीने सांगतो. पोराची जन्मतारीख अंदाजाने सांगू नका. जन्माची नोंद वेळेवर करा. शाळेतली एक ओळ पुढे कुणाचा जीव वाचवील, हे आज सांगता येत नाही.

या माणसाला मदत कोणी केली? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात 2014 साली फाशीच्या कैद्यांसाठी एक काम सुरू झाले. पुढे त्याला संविधानातल्या 39-अ या कलमाचेच नाव मिळाले. तिथल्या तरुण वकिलांनी त्याचे प्रकरण हाती घेतले, आणि त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही.

असे काम परदेशांतही चालते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या एका कायद्याच्या कॉलेजात 1992 साली बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी ते सुरू केले. प्रत्येकाच्या रक्तात, थुंकीत, केसांच्या मुळांत त्याची स्वतःची खूण असते. तिला डीएनए म्हणतात. गुन्ह्याच्या जागी सापडलेली खूण आणि कैद्याची खूण जुळते का, हे त्यांनी तपासून घेतले. कित्येकांची जुळली नाही. फाशीची शिक्षा झालेली माणसेही त्यामुळे निर्दोष ठरून बाहेर आली. कॉलेजातली मुले कैद्यांची पत्रे वाचत आणि जुने कागद शोधत. एवढ्या श्रीमंत देशातही गरीबच अधिक अडकतो आणि त्याला फुकट वकील लागतो, हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "गुरुजी, फुकटचा वकील म्हणजे हलक्या मालासारखा. तो मन लावून काम करील का?"

प्रश्न खोटा नाही. काही वकील तारखेला येत नाहीत, कैद्याला भेटत नाहीत, अशा तक्रारी होतात. पण त्यावर उपाय आहे. आपल्या वकिलाचे नाव लिहून घ्या. काय घडले आणि पुढची तारीख कोणती, हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. वकील काम करत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि दुसरा वकील मागा. अर्जाची पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का हवा. 2022 सालापासून पुष्कळ जिल्ह्यांत आरोपींचीच कामे करण्यासाठी पगारी वकील नेमण्याची नवी पद्धतही सुरू झाली आहे. आणि एक पक्के लक्षात ठेवा. विधी सेवेने दिलेल्या वकिलाला तुमच्याकडून फी मागता येत नाही. मागितली, तर द्यायची नाही आणि कळवायचे.

कोर्टाच्या आवारात दुसरी एक जात भेटते. "साहेबांशी माझी ओळख आहे. वीस हजार टाका, माणूस सोडवून आणतो." अशा दलालाच्या नादी लागू नका. त्यापायी बैल गेले, जमिनी गहाण पडल्या आणि माणूस आत तो आतच राहिला, अशी घरे मी पाहिली आहेत.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. हौसेने भांडण उकरून काढणाऱ्याला ती ठीक आहे. पण ज्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्याला ती लागू नाही. त्याला खालच्या पायरीवर अडवले, तर त्याने वरची पायरी चढलीच पाहिजे. आणि आपण त्याचा हात धरला पाहिजे.

भरपाईविषयीही दोन शब्द. चुकीने शिक्षा भोगलेल्याला भरपाई मिळावी, यासाठी देशाच्या विधी आयोगाने 2018 साली शिफारस केली आहे. त्या सहा जणांना कोर्टाने पैसे देवविले, पण तसे प्रत्येकाला मिळतातच असे नाही. सुटून आलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने गावात येतो. त्याचे शेत दुसऱ्याने कसलेले असते. आईबाप गेलेले असतात. मुले त्याला ओळखत नाहीत.

अशा वेळी कोर्टाचे काम संपते आणि गावाचे काम सुरू होते. कोर्ट म्हणते, हा निर्दोष आहे. गाव मात्र म्हणते, "काहीतरी केलं असेल, त्याशिवाय का धरलं?" मंडळी, हे बोलणे सोडा. कोर्टाने दिलेली शिक्षा तो भोगून आला. गावाने त्याला दुसरी शिक्षा देऊ नये. त्याला कामावर बोलवा. पंगतीला आपल्या शेजारी बसवा. तो आत असताना त्याच्या बायकोला पाणवठ्यावर टोमणे मारू नका. त्याच्या मुलांना शाळेतून काढू देऊ नका. बापाला शिक्षा झाली, म्हणून मुलाचे पुस्तक मिटता कामा नये.

तुम्ही सारे या वर्गात रात्री कंदिलाच्या, दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवायला आलात. दिवसभर राबून आलात. कोणी विचारते, या वयात शिकून काय मोठी नोकरी मिळणार आहे? नोकरी नाही मिळाली तरी चालेल. पण उद्या शेजारची एखादी बाई निकालाचा कागद घेऊन तुमच्या दारात येईल. त्या वेळी तुम्ही तो कागद हातात घ्या. वरची तारीख वाचा. दिवस मोजा. मुदत किती उरली, ते तिला सांगा. तिला घेऊन तालुक्याला जा. वकिलाचे काम वकील करील. पण वकिलापर्यंत पोचवणारा माणूस गावातच लागतो.

आज घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या पानावर एवढे लिहा : तालुका विधी सेवा समिती, तालुक्याचे कोर्ट. फोन 15100. उद्याच्या वर्गात मी प्रत्येकाची वही पाहणार आहे.

एवढे सांगून मी तुमची रजा घेतो. नमस्कार.